पिहली माझी ओवी

फाइल उघडली तेव्हा स्क्रीनवर नुसता कचरा आला. इंग्रजी अक्षरं, मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच गोलातला सी, डोक्यावर दोन टिंबं असलेली युरोपातल्या कुठल्यातरी भाषेतली अक्षरं, आणि हे असं सलग ऐंशी पानं. आई जाऊन तीन महिने झाले होते, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत तिच्या साड्यांखाली तीन फ्लॉप्या सापडल्या, त्यावर तिच्याच अक्षरात "ओव्या १, ओव्या २, ओव्या ३" लिहिलेलं. फ्लॉपी ड्राइव्ह मिळवण्यातच महिना गेला, एक फ्लॉपी वाचलीच गेली नाही, दोन वाचल्या गेल्या, आणि त्या दोनमधून हे निघालं.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, पाटण तालुक्यात, कोयनेच्या वरच्या अंगाच्या वाड्यावस्त्यांवर तिच्या बदल्या व्हायच्या. शाळा सुटली की ती म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन बसायची, त्यांच्याकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायची. गिरण्या गावोगाव आल्या होत्या, जाती अंगणात पालथी पडायला लागली होती, आणि दळण बंद झालं की गाणंही बंद होतं हे तिला फार आधी कळलं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं, एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या बऱ्याच आज पारी या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या साइटवर कुणालाही ऐकता-वाचता येतात. आईला तेव्हा हे काही माहीत नव्हतं, ती आपली दोनशे पानी वह्यांमध्ये लिहीत होती. १९९८ साली तिने पगारातून पैसे बाजूला टाकून कऱ्हाडच्या एका डीटीपी सेंटरमधून वह्या टाइप करून घेतल्या. पुस्तक निघणार होतं. एका प्रकाशकाकडे दिलेलं प्रिंटआउट परत आलंच नाही, वह्यांना नंतर वाळवी लागली, आणि उरल्या या फ्लॉप्या.

मी सतरा वर्षं आयटीत आहे, टेस्टिंगमध्ये, बँकांची ॲप तपासते. तरी त्या रात्री तो कचरा बघून मला रडू आलं, कारण मला दिसत होतं की सगळं आहे, एक अक्षर गेलेलं नाहीये, पण मला वाचता येत नाहीये.

असं का होतं ते सांगते, कारण आपल्यापैकी खूप जणांच्या घरात अशा फाइल पडून असतील. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला नंबर कळतो. अमेरिकेत १९६३ साली आस्की नावाचं स्टँडर्ड निघालं, त्यात एकूण १२८ जागा, त्यात इंग्रजीची अक्षरं, आकडे, चिन्हं आणि मशीनचे काही आदेश, झालं, संपलं. कॅपिटल ए म्हणजे ६५ हे सगळ्या जगाने मान्य केलं. आपल्या 'क'ला नंबरच नव्हता. मग ज्यांनी सुरुवातीचे मराठी फॉन्ट बनवले त्यांनी एक युक्ती केली, इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार चिकटवले. डीच्या जागी क, केच्या जागी काना, ईच्या जागी म, म्हणजे तुम्ही "काम" टाइप केलंत तर फाइलमध्ये खरं तर डी के ई एवढंच जातं, आणि तो फॉन्ट लावला की त्याला "काम"चं सोंग चढतं. फॉन्ट काढला की सोंग उतरलं. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, एकाचा क दुसऱ्याचा झ, त्यामुळे कोल्हापूरच्या प्रेसमधली फाइल पुण्याच्या प्रेसमध्ये उघडायची तर सोबत फॉन्टही पाठवावा लागायचा.

हे ज्यांनी केलं त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्यामुळेच लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पेपर, पतसंस्थांचे अहवाल हे सगळं मराठीत छापून निघालं, खिळे जुळवणाऱ्या माणसांच्या पाठी मोकळ्या झाल्या. कागदावर छापायचं एवढंच काम असेल तर ती युक्ती चोख होती. पण त्या फाइलमध्ये मराठी नव्हतीच. त्यात शोधता यायचं नाही, अकारविल्हे लावता यायचं नाही, दुसऱ्या मशीनवर नेता यायचं नाही. सतरा वर्षं यात काम करून मला या क्षेत्राबद्दल जे वाटतं ते इथेच येऊन थांबतं. आयटी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर हिंजवडी येते, काचेच्या इमारती, सकाळचं ट्रॅफिक, पॅकेज, अमेरिकेतलं ऑनसाइट, लग्नाच्या स्थळात "मुलगा आयटीत". पण या सगळ्याच्या खाली जे आहे ते फार साधं आहे, चार माणसांनी बसून ठरवलं की या गोष्टीला हा नंबर, आणि मग सगळ्यांनी ते पाळलं. ज्याला नंबर मिळाला तो शोधता येतो, पाठवता येतो, पन्नास वर्षांनी उघडता येतो. ज्याला मिळाला नाही तो घरात असूनही हरवतो.

आपल्या लिपीसाठी असं बसून ठरवणारी माणसं होती, आणि त्यातली बरीच आपल्या जवळचीच. आयआयटी कानपूरला ऐंशीच्या दशकात देवनागरी टर्मिनलचं काम झालं, मोहन तांबे त्यात होते, ते काम पुढे पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत जिस्ट या नावाने चालू राहिलं. सी-डॅक म्हटलं की आपल्याला विजय भटकर आणि १९९१चा परम संगणक आठवतो, आणि आठवायलाच हवा, पण त्याच वर्षी इस्की नावाचं भारतीय स्टँडर्डही पक्कं झालं, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. त्यातली कल्पना मला अजूनही सुंदर वाटते. आपल्या लिप्या दिसायला वेगळ्या पण वर्णमाला एकच, क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, मग देवनागरी, गुजराती, बंगाली, कन्नड सगळ्यांना एकच नंबर द्यायचा, लिपी बदलली की तेच लिखाण दुसऱ्या लिपीत दिसायला लागेल. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांना नंबर देणाऱ्या स्टँडर्डची, पहिली आवृत्ती आली, त्यांनी भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरूनच घेतली. फक्त प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर दिलं, प्रत्येक घरात १२८ जागा, पण ओळ तीच ठेवली, म्हणून देवनागरीच्या घरात क ज्या क्रमांकावर बसलाय त्याच क्रमांकावर गुजरातीच्या घरात गुजराती क बसलाय. कधी वेळ मिळाला तर ते तक्ते शेजारी शेजारी ठेवून बघा. शाळेत आईने आम्हाला जी वर्णमाला घोकून घेतली तीच तिथे उभी आहे, त्याच क्रमाने.

यातलं मला सगळ्यात आवडणारं म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. आपण कागदावर 'हि' लिहिताना वेलांटी डाव्या बाजूला दिसते, जुन्या फॉन्टमध्ये ती आधी टाइप करायची आणि मग ह. युनिकोडमध्ये आधी ह आणि मग वेलांटी, कारण आपण तसं बोलतो. दिसायला वेलांटी डावीकडे नेणं हे फॉन्टचं आणि मशीनचं काम, साठवायचं मात्र उच्चारलं तसं. रफारही तसाच, "धर्म"मध्ये र आधी बोलला जातो म्हणून तो आधी साठवतात, मग भले तो म च्या डोक्यावर जाऊन बसू दे. म्हणजे जुन्या फाइलमध्ये मराठी जशी दिसते तशी होती आणि आता जशी ऐकू येते तशी आहे. जात्यावर बसून गाणाऱ्या ज्या बायकांनी कधी पाटीला हात लावला नाही त्यांचं बोलणं साठवायला हीच रीत बरोबर, असं मला मनापासून वाटतं.

पण सगळं एका झटक्यात बरोबर झालं असंही नाही. मराठीचा एक खास र आहे, अर्धा र, आडवी रेघ काढून लिहितो तो, दऱ्या आणि दर्या यातला फरक करणारा. आचार्यास जेवण आणि आचाऱ्यास जेवण हे आपण शाळेत शिकलेलोच आहोत. हा हिंदीत लागत नाही. युनिकोडमध्ये तो मिळाला ०९३१ या नंबरच्या ऱ पासून, आणि तो ऱ मुळात द्राविडी भाषांमधला र देवनागरीत दाखवण्यासाठी ठेवलेला, त्याचा अर्धा आकार म्हणजे आपली आडवी रेघ. तोच आकार साध्या र ला एक न दिसणारा जोडक लावूनही येतो, म्हणजे डोळ्याला दोन्ही सारखे आणि मशीनला वेगळे, एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला की काही ठिकाणी सापडत नाही. ॲ तर अजून उशिरा आला, २००८ साली. तोपर्यंत लोक अ ला चंद्र लावून भागवत होते, म्हणून जुन्या-नव्या लिखाणात आजही "ॲप" दोन प्रकारे बसलेलं आहे. मराठीचा ल आणि श यांचे आकार वेगळे, २००९ साली शासनाने वर्णमालेबद्दल निर्णय काढून ते सांगितलंही, तरी आज बऱ्याच फोनवर हिंदी वळणाचेच दिसतात.

तुम्ही म्हणाल एवढ्याशा रेघेचं काय एवढं. मी आईच्या फाइलवर काम करेपर्यंत मलाही हे नीट जाणवलं नव्हतं. मराठीत कुणी काहीही करत असलं की त्याच्या शब्दात हा र येतो. दळणाऱ्या बायका, पेरणाऱ्या हाताला, शिकवणाऱ्या बाईंना, वारीला जाणाऱ्या माणसांची. करणारा म्हटलं की साधा र, पण त्याला प्रत्यय लागला, तो वाक्यात कामाला लागला, की हाच ऱ. तो नसता तर आपल्याला काम करणाऱ्या माणसाबद्दल एक धड वाक्य लिहिता आलं नसतं.

मधला काळ कसा होता तेही नोंदवून ठेवते. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड आलं, सोबत मंगल फॉन्ट आला, तो र. कृ. जोशींनी डिझाइन केलेला, आपला एवढा मोठा सुलेखनकार, आणि त्यांचं अक्षर जगभरच्या कॉम्प्युटरवर गेलं. एक्सपीवर मराठी दिसायला सीडी घालून वेगळा पर्याय चालू करावा लागायचा, सीडी नसेल तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, तेव्हा त्यावर लिहिणाऱ्यांनी किती कष्टाने टाइप केलं असेल. मोबाइलवर तर अजून वेगळं दुखणं, इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळायची, तोच मराठीत लिहिला की ७०. आई मला एसएमएस मराठीतच करायची, तिचे मेसेज दोन-तीन तुकड्यात कापले जाऊन पैसे तेवढ्या पट जायचे, आणि मी तिला म्हणायचे, "आई, इंग्रजी अक्षरात लिही ना, मला कळतं." ती म्हणायची, "तुला कळतं गं, मला माझं वाटत नाही." मी तेव्हा तिला समजून घ्यायला हवं होतं.

हे फक्त आमच्या घरचं नाही. नव्वदपासून पुढची पंधरा-वीस वर्षं मराठीत जे टाइप झालं, गावच्या स्मरणिका, शाळांचे अंक, छोट्या साप्ताहिकांची पानं, कीर्तनकारांनी छापलेली पुस्तकं, त्यातलं बरंच असं सोंगातल्या फॉन्टमध्ये अडकून पडलंय. आजचे कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतात, मशीन भाषांतर करतं, बोललेलं लिहून देतं, ते सगळं शिकतं कशावरून, तर वाचता येईल अशा मजकुरावरून. सोंगातली मराठी त्यांच्या दृष्टीने मराठीच नाही. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली, त्या आधी आपल्या शेकडो वर्षांच्या कागदांची लिपी मशीनच्या हिशेबात नव्हतीच. गोंडीची मसराम लिपी २०१७ ला आली, गुंजाला २०१८ ला. गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलांना आपल्या भाषेची अक्षरं फोनवर बघायला इतका काळ लागला. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते ऑफिसातही बोलते. फॉर्ममध्ये नाव फक्त इंग्रजीत घेतलं की काळे आणि काले एक होतात, ळ तिथल्या तिथे मरतो, आणि मग त्या माणसाच्या दोन कागदांवरची नावं जुळत नाहीत. मी असे बग लिहून पाठवते. काही दुरुस्त होतात, काही "नंतर बघू"मध्ये जातात, मी परत लिहिते.

तर आईची फाइल. मी एक तक्ता करायला बसले, कुठल्या इंग्रजी अक्षराच्या जागी कुठला मराठी आकार. आईच्या फाइलमध्ये ज्या फॉन्टचं नाव होतं त्याच नावाचा फॉन्ट पुण्यातल्या एका जुन्या डीटीपी करणाऱ्या ताईंकडून मिळाला, तो उघडून एकेक जागा बघून लिहून घेतली, मग छोटा प्रोग्राम लिहिला, हे अक्षर दिसलं की ते ठेव. रात्री दीड वाजता पहिल्यांदा चालवला आणि पहिली ओळ आली,

पिहली माझी ओवी

मी कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत बसले. वेलांटी चुकीच्या जागी होती, कारण जुन्या फाइलमध्ये ती ह च्या आधी ठेवलेली, माझ्या प्रोग्रामने ती तशीच उचलून प ला लावली. खाली विठ्ठलाच्या ओवीत दर्शनचं "दशर्न" झालं होतं. पण ती आईची ओळ होती, एवढ्या वर्षांनी परत आलेली. पुढचे दोन आठवडे ऑफिस झाल्यावर मी वेलांट्या आणि रफार हलवत होते. वेलांटी पुढच्या अख्ख्या जोडाक्षराच्या नंतर न्यायची, रफार ज्या अक्षरावर बसलाय त्याच्या आधी आणायचा, मध्ये काना-मात्रा असेल तर तीही ओलांडून. सासरची, माहेरची, भावाची, जात्याला देव मानणारी अशी एकेक ओवी सरळ होत गेली. साधारण आठशे ओव्या निघाल्या. तिसऱ्या फ्लॉपीतल्या किती गेल्या ते आता कधीच कळणार नाही.

शेवटी एक चौकोन उरला. एकच नंबर, एकसष्ट ठिकाणी, आणि माझ्याकडच्या फॉन्टमध्ये त्या जागी काहीच नाही, रिकामी जागा. वाचून अक्षर कोणतं ते लगेच कळत होतं, व नंतर चौकोन, काना, मग ड, लग्नाच्या ओव्यांमध्ये, म्हणजे वऱ्हाड. गु नंतर चौकोन, काना, मग ळ, उसाच्या ओव्यांमध्ये, म्हणजे गुऱ्हाळ. पण ते फॉन्टमध्ये का नाही ते कळेना. नेटवरचे फॉन्ट बदलून देणारे प्रोग्राम लावून बघितले, सगळ्यांनी तो नंबर तसाच सोडला.

ट्रंकेत डीटीपी सेंटरची पावती होती. त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, त्या मुलाने त्या काकांचा नंबर दिला. मी फोन करून आईचं नाव सांगितलं, ती गेल्याचं सांगितलं, ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग मी चौकोनाचं विचारलं.

"ऱ्ह का? ते अक्षर माझं हाय," काका म्हणाले. "फॉन्टात ऱ्य होता, ऱ्ह नव्हता. मी म्हटलं बाई, कराड लिवूया, समदीच लिवत्यात. बाई उठंनात. म्हणाल्या, ओवीत म्हातारी जे म्हणली ते छापायचं, कऱ्हाड म्हणजे कऱ्हाड, आणि वऱ्हाडाचं काय करणार तुम्ही? मग मी ऱ्य मधली रेघ कापली, ह ला जोडली, माऊसनं, दोन तास गेले, आन् एका मोकळ्या जागेत नेऊन ठेवला. बाई शेजारी बसून व्हत्या. रेघ जरा खाली घ्या म्हणाल्या."

म्हणजे ते अक्षर जगात एकाच मशीनवर होतं, कऱ्हाडच्या एका गाळ्यात, आणि ते मशीन केव्हाच भंगारात गेलं होतं.

मी तक्त्यात एक ओळ वाढवली, तो नंबर दिसला की ऱ, हलन्त, ह. प्रोग्राम चालवला. मग फाइलमध्ये "वऱ्हाड" शोधलं, तेवीस ओव्या. "कऱ्हाड" शोधलं, अकरा. "गुऱ्हाळ", सात. पहिल्यांदाच आईच्या ओव्यांमध्ये काहीतरी शोधता आलं होतं, आणि मी रात्रभर शब्द शोधत बसले, जातं, खुंटा, बंधू, मुऱ्हाळी, पाऊस.

सकाळी सगळी फाइल काकांना व्हॉट्सॲपवर पाठवली. ते आता नातवंडांबरोबर असतात, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, वाचायला वेळ लागतो म्हणाले. दुपारी त्यांचा मेसेज आला, मराठीत टाइप केलेला.

"बाई आज असत्या तर. ऱ्ह बरोबर आलाय. रेघ पण खाली हाय."